आदिवासी पाड्यावरचा संडास आणि आपले राजकारण

(पालघर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो,

वनजमीन, रोजगार, स्थलांतरित मजूर अशा विषयांच्या पंक्तीत ‘आदिवासी पाड्यांवरील घरगुती संडास’ हा विषय पाहून काही कार्यकर्त्यांना आश्चर्य वाटले, असे माझ्या कानावर आले आहे. त्यांचे आक्षेप दोन आहेत. पहिला असा की, हा विषय शासनाच्या प्रचारखात्याचा आहे. भिंतीभिंतीवर ज्याच्या जाहिराती रंगविल्या गेल्या त्या कार्यक्रमाचे ओझे आपण आपल्या खांद्यावर का घ्यावे? दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ज्याच्या पायाखालची जमीन त्याची नाही, ज्याला चार महिने वीटभट्टीवर काढावे लागतात, त्याला संडासाचे महत्त्व समजावून सांगणे ही सुखवस्तू माणसाची करमणूक आहे, असे हे साथी म्हणतात. हे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. माझी सारी मांडणी त्यांना उत्तर देण्यासाठीच आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो. आदिवासी पाड्यावरील संडासाचा प्रश्न हा जमीन, पाणी, मजुरी आणि जात या चार प्रश्नांपासून वेगळा काढताच येत नाही. शासनाने तो वेगळा काढला आणि म्हणून तो फसला. आपण तो वेगळा काढून बाजूला टाकला, तर आपल्या हातूनही तेच होईल. डॉ. राममनोहर लोहिया स्त्रियांच्या हालअपेष्टांविषयी बोलताना पाणी आणि संडास या दोन गोष्टी पुनःपुन्हा पुढे आणीत, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना स्मरत असेल. अंधार पडण्याची वाट पाहत दिवसभर देहधर्म रोखून धरणाऱ्या बाईचा प्रश्न त्यांनी समतेच्या राजकारणातील प्रश्न मानला होता. तेव्हा हा विषय आपल्याकडे बाहेरून आलेला नाही.

घोषणा आणि वस्तुस्थिती

आधी आकडे पाहू. १९८६ साली केंद्र शासनाने ग्रामीण स्वच्छतेचा पहिला देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. १९९९ मध्ये त्याचे नाव बदलले, २०१२ मध्ये पुन्हा बदलले, आणि २ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘स्वच्छ भारत मिशन’ या नावाने तो नव्याने उभा राहिला. दर कुटुंबामागे १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान ठरले. महाराष्ट्रात त्याआधी, २००० साली, गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले होते आणि पुष्कळ गावांनी त्यात मनापासून भाग घेतला होता. देशात दहा कोटींहून अधिक संडास बांधले गेले, असे शासन सांगते. त्यातील मोठा भाग खरोखर उभा राहिला आणि वापरातही आला. हे नाकारण्याचे कारण नाही. जे झाले ते झाले म्हणावे. त्याशिवाय जे झाले नाही ते ठामपणे सांगण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी साबरमतीच्या काठी साऱ्या ग्रामीण भारताविषयी तीच घोषणा झाली. पण शासनाच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८ च्या उत्तरार्धात जी घरे पाहिली, त्यांत ग्रामीण भागातील २८.७ टक्के कुटुंबांना संडासाची सोय उपलब्ध नव्हती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील सुमारे २६ टक्के कुटुंबे कोणताही संडास वापरीत नव्हती. म्हणजे घोषणेच्या सुमारास दर चार ग्रामीण कुटुंबांपैकी एक कुटुंब उघड्यावरच जात होते.

मग घोषणा झाली कशी? ती झाली यादीच्या आधारावर. २०१२ साली पायाभूत पाहणी झाली, तिच्यात ज्यांची नावे आली त्यांच्यापुरते उद्दिष्ट ठरले आणि ते पूर्ण झाले की गाव मुक्त ठरले. यादीत ज्याचे नावच नाही, त्याच्या घरी संडास नसला तरी हिशेबात तूट दिसत नाही. पुढे ‘सुटलेली कुटुंबे’ म्हणून आणखी नावे घेण्यात आली. पण साथींनो, अशा याद्यांतून कोण सुटते ते तुम्हाला मी सांगावयास नको. पाहणीच्या वेळी जो वीटभट्टीवर असतो तो सुटतो. बापापासून वेगळे होऊन ज्याने शेजारी कूड उभारला तो सुटतो. ज्याचा पाडा वनखात्याच्या नकाशात जंगल म्हणून रंगविलेला आहे तो सुटतो. थोडक्यात, ज्याला गरज सर्वांत अधिक तोच सुटतो.

यातील विषमता नवी नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४७ टक्के कुटुंबांच्या घरी संडास होता. अनुसूचित जमातींच्या कुटुंबांत हेच प्रमाण जेमतेम २३ टक्के होते. जो आरंभालाच इतका मागे आहे त्याला सर्वांसाठी ठरविलेले सरसकट अनुदान आणि सरसकट मुदत लावणे, ही समानता नव्हे. डोंगरावरच्या पाड्यावर सिमेंटची गोणी आणि विटा डोक्यावरून न्याव्या लागतात. रस्त्याकाठच्या गावाला आणि या पाड्याला अनुदान एकच, १२,००० रुपये. २०१४ साली ठरलेला हा आकडा दुसऱ्या टप्प्यातही तेवढाच ठेवण्यात आला; दरम्यान सिमेंटचा, लोखंडाचा आणि मजुरीचा भाव कोठे गेला, ते आपण जाणतो.

त्यातही हे पैसे सामान्यतः बांधकाम पुरे झाल्यावर, छायाचित्र चढविल्यानंतर मिळतात. म्हणजे आधी पदरचे घाला आणि मग परत मागा. ज्याच्याजवळ पावसाळ्यात दाण्यापुरतेही पैसे नसतात त्याने काय करावे? तो ठेकेदाराच्या हाती कागद देतो. ठेकेदार एकाच साच्यातील खोल्या उभ्या करतो. एक खड्डा, पत्र्याचे दार, छायाचित्र, आणि हिशेब मिटला. पुढच्या पावसाळ्यात दार गळून पडते आणि आत लाकूडफाटा ठेवला जातो. मग साहेब येतात, लाकूडफाटा पाहतात आणि म्हणतात, आदिवासींना सवयच नाही!

‘त्यांना नकोच आहे’ हा युक्तिवाद

या शेवटच्या वाक्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण ते अधिकाऱ्यांच्याच तोंडी असते असे नाही. आपल्यातील काहीजणही निराळ्या शब्दांत तेच बोलतात. आदिवासी निसर्गाच्या सान्निध्यात राहतो, त्याला चार भिंतींत कोंडणे हे त्याच्या संस्कृतीवर आक्रमण आहे, असे ते म्हणतात.

यात एक अंश सत्याचा आहे. पाडे विरळ होते, भोवती दाट रान होते, तेव्हा उघड्यावर जाणे गैरसोयीचे नव्हते आणि फारसे अपायकारकही नव्हते. माती आणि ऊन आपले काम करीत. पण ते रान आज कोठे आहे? जंगल मागे हटले, पाड्यातील घरे वाढली, भोवतालच्या जमिनींना तारांची कुंपणे पडली, मोकळ्या माळावर बंगल्यांचे भूखंड झाले. आडोसा गेला. पुरुषाला त्याची झळ उशिरा लागते. बाईला आधी लागते. तिला आता पहाटेपूर्वी किंवा रात्री, साप-विंचवाच्या वाटेने, लांब जावे लागते. बाळंतिणीला, आजारी माणसाला, वृद्धाला, अपंगाला तर तेही जमत नाही. तेव्हा संस्कृतीच्या नावाने बोलण्यापूर्वी त्या पाड्यातील स्त्रियांना विचारावे. पुरुषांच्या बैठकीत बसून विचारू नये. स्त्रियांना वेगळे बसवून विचारावे.

आरोग्याची बाजूही सांगितली पाहिजे. मैल्याने दूषित झालेल्या ओल्या मातीत आकडेकृमीच्या अळ्या वाढतात आणि अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात. हा कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतो. पाड्यावरच्या बायकांच्या रक्तक्षयाला अपुरे अन्न कारण आहेच. हा कृमी त्यात भर घालतो. वारंवार जुलाब होणाऱ्या बालकाच्या अंगी खाल्लेले लागत नाही. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. कुपोषणाला संडास हे उत्तर नव्हे, अन्न आणि रोजगार हेच उत्तर आहे. पण पोटात घातलेले अन्न अंगी लागावे यासाठी पाणी आणि माती स्वच्छ असावी लागते, हे विसरून चालणार नाही.

मात्र येथेही भाबडेपणा नको. ओडिशातील पुरी जिल्ह्यात १०० गावांमध्ये शास्त्रशुद्ध पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रम राबविलेल्या गावांत संडास असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले. तरीही मुलांच्या अतिसारात घट झाली नाही. याचा अर्थ संडास निरुपयोगी आहेत असा नव्हे. बांधले पण सर्वांनी वापरले नाहीत, पुष्कळ घरे राहूनच गेली आणि पाण्याची सोय झाली नाही, तर खर्च होतो आणि आरोग्य जेथल्या तेथेच राहते, असा त्याचा अर्थ आहे. एका घराने संडास वापरला आणि शेजारच्या चार घरांनी वापरला नाही, तर माती आणि विहीर दोन्ही दूषितच राहतात. या प्रश्नात एकट्याची मुक्ती नाही. समाजवादी माणसाला हे समजावयास कठीण जाऊ नये.

जमीन कोणाची?

आता चार प्रश्नांकडे वळतो. पहिला जमिनीचा.

संडास बांधावयाचा म्हणजे दोन खड्डे खणावयाचे. ते कोणाच्या जमिनीत? कोकणपट्टीतील अनेक कातकरी वाड्या खाजगी मालकांच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या वसलेल्या आहेत. घराच्या कुडाला मालक हरकत घेत नाही, कारण कूड उद्या उपटता येतो. पण विटासिमेंटचे पक्के काम सुरू झाले की त्याला कब्जाचा वास येतो आणि तो आडवा येतो. कातकऱ्याच्या घरी संडास नसण्याचे पहिले कारण त्याची सवय नसून मालकाचा सातबारा आहे.

वनजमिनीवरील पाड्यांचे निराळे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची नळवाहिनी अशा तेरा सार्वजनिक सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन देण्याची तरतूद आहे. त्या तेरांमध्ये घरगुती संडास नाही. म्हणून तो बांधण्याचा आधार एकच उरतो : त्याच कायद्याने मान्य केलेला राहण्याचा हक्क. आपण वैयक्तिक दावे भरताना कसणुकीच्या जमिनीवर सारे लक्ष देतो. घराखालच्या आणि परसातल्या जमिनीचा दावा स्वतंत्रपणे, मोजमापासह केला आहे काय, हे पाहिले पाहिजे. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून, अनुसूचित क्षेत्रातील आदिवासी व पारंपरिक वननिवासी कुटुंबांना शेजारच्या वनक्षेत्रात घरे बांधता यावीत म्हणून अधिसूचना काढली. किती ग्रामसभांनी तिचा उपयोग केला? नोव्हेंबर २०२३ मध्ये विशेष दुर्बल आदिम जमातींसाठी केंद्राने मोहीम जाहीर केली. आपल्या राज्यातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती तिच्यात येतात. घर, पाणी आणि स्वच्छता ही तिची उद्दिष्टे आहेत. पण घराला जागा लागते. जागेच्या हक्काची लढाई आपण लढलो नाही, तर घरही कागदावर राहील आणि संडासही.

पाण्याचा हिशेब

दुसरा प्रश्न पाण्याचा. उघड्यावर जाणाऱ्याचे काम एका टमरेलावर भागते. संडासात त्याखेरीज मैला वाहून जाण्यासाठी पाणी ओतावे लागते, भांडे धुवावे लागते. पाच माणसांच्या घराला काटकसरीने धरले तरी रोजचे दीडदोन हंडे केवळ यासाठी लागतात. चैत्र-वैशाखात जव्हार-मोखाड्याच्या डोंगरावर हा जादा हंडा कोण आणणार? बाईच आणणार. म्हणजे जिच्या सोयीसाठी संडास बांधला तिच्याच डोक्यावर त्याचा भार. अशा वेळी तो बंद पडला तर तिला दोष कोण देईल? जेथे धो धो पाऊस पडतो तेथेच उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, हा निसर्गाचा कोप नव्हे. पाणी साठविण्याची कामे कोठे आणि कोणासाठी झाली याचा तो निकाल आहे.

यावर उपाय निघालेला आहे. ओडिशातील गंजाम आणि गजपती जिल्ह्यांतील आदिवासी गावांत ‘ग्राम विकास’ या संस्थेने १९९२ पासून जो प्रयोग केला तो आपण डोळसपणे पाहण्याजोगा आहे. त्यांचा दंडक असा की, गावातील एकूणएक कुटुंब तयार झाल्याखेरीज काम सुरू करावयाचे नाही. दर कुटुंबाने सरासरी १,००० रुपये सामायिक निधीत घालावयाचे. ज्याची ऐपत अधिक त्याने अधिक, विधवेने किंवा भूमिहीनाने कमी. त्या निधीच्या व्याजातून पुढे वेगळ्या झालेल्या घरांना साहाय्य करावयाचे. प्रत्येक घराला संडास आणि त्याला लागून न्हाणीघर, आणि दोन्हींत नळाचे पाणी. न्हाणीघराचे महत्त्व तेथील स्त्रियांना प्रथम पटले. आडोशाला अंघोळ करता येणे ही त्यांच्या दृष्टीने संडासाहून मोठी गोष्ट होती. पाणी, न्हाणी आणि संडास एकत्र आले म्हणून संडास वापरात राहिले. हा स्वयंसेवी संस्थेचा प्रयोग आहे, त्याच्या मर्यादा आहेत आणि शासनाची जबाबदारी तो घेऊ शकत नाही. पण ‘सर्वांसाठी, नाहीतर कोणासाठीच नाही’ हे त्याचे तत्त्व आपले आहे. ते आपण निःसंकोचपणे घ्यावे.

खड्डा कोण उपसणार?

तिसरा प्रश्न जातीचा आहे, आणि माझ्या मते त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

भरलेला खड्डा कोण उपसणार? या देशात या प्रश्नाचे एकच उत्तर शतकानुशतके दिले गेले. ते उत्तर बदलण्यासाठी कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य वेचले. कणकवलीजवळच्या गोपुरीत बसून त्यांनी संडासाचे जे प्रकार घडविले त्यामागे केवळ आरोग्याची दृष्टी नव्हती. माणसाने माणसाचा मैला वाहू नये, ही दृष्टी होती. १९९३ साली आणि मग अधिक व्यापकपणे २०१३ साली कायद्याने हाताने मैला उपसण्यास बंदी केली. कायदा झाला, पण ज्या रचनेचा संडास आपण बांधतो तीच रचना उद्या त्या कायद्याचा भंग करावयास भाग पाडणार असेल तर?

म्हणून दोन शोषखड्ड्यांचा संडास हा आपल्या दृष्टीने तांत्रिक तपशील नाही. सुमारे एक मीटर व्यासाचे आणि सव्वा मीटर खोलीचे दोन खड्डे. भिंतीची बांधणी जाळीदार, तळ मोकळा. दोन्हींच्या मधोमध एक छोटी कुंडी, जेथून प्रवाह एका खड्ड्याकडे वळविता येतो. भांड्याचा उतार तीव्र आणि जलबंद २० मिलिमीटरचा, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. एक खड्डा कुटुंबाच्या आकारमानाप्रमाणे तीन ते पाच वर्षे पुरतो. तो भरला की प्रवाह दुसऱ्यात सोडावयाचा आणि पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवावयाचा. तेवढ्या काळात आतील द्रव्याची माती होते. तिला वास नसतो, आणि घरातला कोणीही ती फावड्याने काढून शेतात टाकू शकतो. येथे भंगीकामाला जागाच उरत नाही.

ठेकेदार काय करतो? तो दुसरा खड्डा वाचवितो. किंवा गावातील प्रतिष्ठितांच्या हट्टाने एकच खोल, प्रचंड खड्डा खणतो, की आयुष्यात भरावयास नको! पण तो भरतोच, आणि ज्या पाड्यावर रस्ता नाही तेथे उपसण्याचे यंत्र जात नाही. मग माणूस उतरवावा लागतो. तो माणूस कोणत्या जातीचा असेल, हे सांगावयास नको. आदिवासीच्या घरी संडास बांधताना दुसऱ्या एका दलिताच्या गुलामीची सोय आपण करीत नाही ना, हे पाहणे आपले काम आहे.

जमिनीचा पोतही पाहावा लागतो. कातळात खड्डा खणता येत नाही तेथे तो काही अंशी जमिनीवर उचलून, भोवती मातीचा भराव घालून बांधावा लागतो. पावसाळ्यात पाणी वर येते तेथेही हाच उपाय. विहिरीपासून निदान दहा मीटर अंतर ठेवावे, आणि भेगाळलेल्या खडकात त्याहून पुष्कळ अधिक. कारण भेगांतून दूषित पाणी न गाळता थेट झऱ्यापर्यंत पोहोचते. हे सारे पाड्यावरचा गवंडी शिकू शकतो. जिल्ह्याच्या ठिकाणी काढलेला एकच नकाशा हे करू शकत नाही.

सक्तीचा मार्ग

चौथा प्रश्न मजुरीचा. त्याकडे वळण्यापूर्वी सक्तीविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे.

पहाटे शिट्ट्या फुंकीत फिरणारी ‘गुड मॉर्निंग पथके’ आपण पाहिली. बसलेल्या माणसाला उठविणे, त्याचे छायाचित्र घेणे, गळ्यात हार घालणे हा स्वच्छतेचा प्रचार म्हणून खपविला गेला. गाडगेबाबांच्या नावाने चाललेल्या कार्याशी याचा काय संबंध? बाबा हाती खराटा घेऊन आधी स्वतः गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनात चार गोष्टी सुनावीत. गरिबाची लाज चव्हाट्यावर मांडून त्यांनी कधी गाव स्वच्छ केले नाही. अपमानाचे हे शस्त्र कोठवर जाते ते सप्टेंबर २०१९ मध्ये दिसले. मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यातील भावखेडी गावात उघड्यावर बसलेल्या दोन दलित बालकांना काठीने मारून ठार करण्यात आले. गाव कागदोपत्री हागणदारीमुक्त होते आणि त्या बालकांच्या घरी संडास नव्हता.

सक्तीचे दुसरे रूप अधिक सभ्य आहे. हरियानाने २०१५ साली पंचायत निवडणुकीला उभे राहण्यासाठी घरी चालू संडास असण्याची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती ग्राह्य ठरविली. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातही संडास वापरीत असल्याच्या दाखल्याची अट घालण्यात आली. वरवर पाहता अट निरुपद्रवी दिसते. पण ज्याला जागा नाही, पाणी नाही, ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्याकडे हा दाखला कोठून येणार? म्हणजे शासनाने आपले कर्तव्य केले नाही, याची शिक्षा नागरिकाला, तीही त्याच्या लोकशाही हक्काचा संकोच करून. आपण स्वच्छतेच्या बाजूचे आहोत आणि म्हणूनच या अटीच्या विरोधात आहोत. या दोहोंत विसंगती नाही.

राहिला मजुरीचा प्रश्न. दिवाळी आटोपली की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. घरी बांधलेला संडास या सहा-सात महिन्यांत बंद असतो आणि भट्टीवर तर काहीच नसते. स्वच्छतेचा कार्यक्रम माणूस घरी असतो असे गृहीत धरतो. भुकेने त्याला घराबाहेर काढलेले असते. भट्टीवर, बांधकामावर, ऊसतोडीच्या तळावर पाणी आणि आडोशाचे संडास ही मालकाची जबाबदारी ठरली पाहिजे, आणि उचल व मजुरीच्या बोलणीत आपल्या संघटनांनी ही मागणी पहिल्या चारांत ठेवली पाहिजे.

काय करावयाचे?

निव्वळ विश्लेषणाने पाड्यावर एक वीटही चढत नाही. म्हणून पुढील वर्षासाठी काही कामे सुचवितो.

पहिले काम यादीचे. ग्रामपंचायतनिहाय नव्हे, पाडानिहाय. कोणाकडे संडास आहे, तो वापरात आहे काय, खड्डे किती, पाणी किती अंतरावर, जागा कोणाची, एवढे पाच प्रश्न पुरेत. यादी पाड्यातील मुलामुलींनी करावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. १९९६ च्या पेसा कायद्याने पाड्यालाही आपली ग्रामसभा भरविण्याचा मार्ग खुला केला आहे आणि महाराष्ट्राचे नियम २०१४ साली झाले आहेत. हे हत्यार गंजत ठेवू नये.

दुसरे काम पैशाच्या हिशेबाचे. २०१५ पासून पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय झाला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून ठेवली. ती रक्कम कोणत्या पाड्यावर आणि कशावर खर्च झाली, याचा जाब ग्रामसेवकाला आणि गटविकास अधिकाऱ्याला ग्रामसभेत विचारला पाहिजे.

तिसरे काम मागण्यांचे. डोंगरी पाड्यांसाठी वाहतुकीचा वेगळा खर्च, अनुदानाची निम्मी रक्कम आगाऊ, कुटुंबाच्या श्रमाची मजुरी, संडासाबरोबर न्हाणीघर, आणि पाण्याची योजना आधी, संडास मागाहून किंवा बरोबर, पण संडास आधी आणि पाणी कधीतरी असे नाही.

चौथे काम शिक्षणाचे, आणि ते आपले आपणच करावयाचे आहे. प्रत्येक गटातील दोन-तीन आदिवासी तरुण-तरुणींनी दोन खड्ड्यांच्या संडासाचे गवंडीकाम शिकावे. असे गवंडी तयार झाले तर ठेकेदाराची गरज संपेल आणि मजुरी पाड्यातच राहील.

पाचवे, आपण आपली मर्यादा आखून घ्यावी. कोणाच्याही लाजेचा आपण प्रचारासाठी उपयोग करणार नाही. संडास नाही म्हणून कोणाचे धान्य, दाखला वा उमेदवारी अडविली गेली, तर आपण त्या माणसाच्या बाजूने उभे राहू. आणि ज्या संडासाचा खड्डा माणसाला उतरून उपसावा लागेल, तो आपण बांधणार नाही व बांधू देणार नाही.

साथींनो, आरंभी ज्या साथींनी आक्षेप घेतला त्यांना माझे शेवटचे सांगणे असे. शासनाने हा विषय जाहिरातीचा केला म्हणून तो हलका होत नाही. जमिनीचा पट्टा, पाण्याचा नळ, आगाऊ मजुरी आणि जातीतून सुटका यांतील एकही गोष्ट अशी नाही की जिच्यासाठी आपण आजवर लढलो नाही. फरक इतकाच की, पाड्यातील जी बाई आपल्या मोर्चात मागच्या रांगेत चालते आणि सभेत कधी बोलत नाही, तिला हा प्रश्न आपला वाटतो. तो आपण हाती घेतला तर ती पुढच्या रांगेत येईल. पुढच्या पंधरवड्यात प्रत्येक गटाने एका पाड्याची यादी पुरी करून आणावी. पुढील बैठकीचे काम त्या याद्यांपासून सुरू करू.